पडद्यावरील कचेरी आणि दुकानातील वही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मला विषय दिला आहे 'व्यवहार आणि क्षमा'. मी व्याख्याता नव्हे, कापडाचा व्यापारी. तेव्हा उधारीविषयीच चार शब्द बोलेन.

आपणांस स्मरत असेल, डिसेंबर २००८ मध्ये स्टार प्लस वाहिनीवर 'आप की कचहरी' हा कार्यक्रम सुरू झाला. न्यायासनावर श्रीमती किरण बेदी. घरगुती आणि पैशांचे तंटे घेऊन माणसे समोरासमोर उभी राहत आणि एका बैठकीत निकाल लागे. आमच्या घरी सारे जण तो पाहत असत. अमेरिकेत हा प्रकार जुना. 'पीपल्स कोर्ट' १९८१ मध्ये सुरू झाले; 'जज ज्युडी' १९९६ ते २०२१ चालले. तेथे दोन्ही पक्ष लवादाच्या करारावर सही करीत, आणि गंमत अशी की निकालाची रक्कम हरणाऱ्याच्या खिशातून नव्हे, तर निर्मात्यांकडून मिळे! आपल्या पेढीवर असा निर्माता कोठून आणावा?

त्याच दिवसांतील माझी चूक सांगतो. तलासरीकडील एका शेतकरी कुटुंबाचे लग्नाचे बस्ते माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याच दुकानी बांधले जात. एका बस्त्याचे अकरा हजार चारशे रुपये थकले होते. दिलेल्या मालाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत करावा लागतो, हे बी.कॉम.ला शिकलो होतो. आणि मुदतीचे चारच महिने उरले होते. ते गृहस्थ बाजारच्या दिवशी रस्त्यात दिसले. मी त्यांना आत बोलावले आणि भरल्या दुकानात वही उघडून तारीखवार जाब विचारला. गिऱ्हाइके ऐकत होती. खरे सांगायचे तर, ती ऐकत आहेत याचे मला बरेही वाटले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण रक्कम आणून दिली. कशी उभी केली, ते मी विचारले नाही.

वास्तविक वहीत बाकीखाली त्यांची एक सही घेतली असती, तरी कायद्याने त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळाली असती. तेही नको, तर लोकअदालत होती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये, दावा दाखल नसतानाही वाद तेथे नेता येतो. दोघांची संमती असेल तरच तडजोड होते. पण एकदा झाली की तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. दाखल दावा असा मिटला, तर कोर्ट फीही परत मिळते. डहाणूच्या न्यायालयातही लोकअदालत भरते. तेथे कॅमेरा नसतो. हप्ते ठरतात, सह्या होतात, माणूस आपली अब्रू घेऊन घरी जातो.

त्या वर्षी संवत्सरीचे प्रतिक्रमण करताना चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली; डोळ्यांसमोर मात्र एकच चेहरा येत होता. दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून त्यांच्या घरी गेलो, हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणालो आणि त्याचा अर्थही सांगितला. त्यांनी खाट टाकली, चहा पाजला. "शेठ, तुमचे पैसे तर खरेच होते," एवढेच म्हणाले.

त्या घरी पुढे दोन लग्ने झाली. दोन्हींचे निमंत्रण मला आले, मी जाऊन जेवलोही. दोन्ही बस्ते वापीला बांधले होते.