पदवी हातात आली, पण ताळा जुळला का?

(मंडळाच्या बेळगाव येथील विद्यार्थी मेळाव्यात संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण बी. कॉम. होणाऱ्या अभियंत्यांना आम्ही काय सांगणार, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. उत्तर सोपे आहे. तुम्ही उद्या जे सॉफ्टवेअर लिहिणार, ते आम्ही काउंटरवर रोज वापरतो. ते चुकले की ग्राहकाची बोलणी आम्ही खातो. शिवाय तुमच्यातल्या अनेकांच्या शैक्षणिक कर्जाचे कागद आमच्यासारख्यांच्याच टेबलावरून जातात. म्हणून चार गोष्टी हक्काने सांगतो.

पहिली गोष्ट, कोड लिहिणे म्हणजे सॉफ्टवेअर अभियांत्रिकी नव्हे. १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे तज्ज्ञांची परिषद भरली, तेव्हापासून हा शब्द रुळला. मोठी सॉफ्टवेअरे वेळेत पुरी होत नव्हती, खर्च वाढत होता, चुका राहत होत्या. यातून मार्ग काढायला काम शिस्तीने करायचे ठरले. आधी गरज समजून घ्या, मग आराखडा करा, मग लिहा, मग तपासा, आणि पुढे वर्षानुवर्षे सांभाळा. यात लिहिणे हा एकच टप्पा आहे, हे ध्यानात घ्या.

आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. एकाच्या खात्याला शंभर रुपये नावे पडले की दुसऱ्याच्या खात्याला शंभर जमा पडलेच पाहिजेत. दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही, मधली अवस्था नाही. डेटाबेसच्या विषयात तुम्ही ‘ट्रान्झॅक्शन’ शिकता ते हेच. परीक्षेत त्याची व्याख्या लिहून गुण मिळतात. पण मध्येच नेटवर्क तुटले तर काय होईल, हा विचार ज्याने केला तो अभियंता. यूपीआय २०१६ साली सुरू झाले. पैसे एकाचे गेले आणि दुसऱ्याला पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावेत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये केला. विचार करा, एका अर्धवट नोंदीसाठी रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढावे लागते. त्या शंभर रुपयांत एखाद्या म्हातारीचे औषध असते.

म्हणून पहिल्या दोन वर्षांत पाया पक्का करा. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे चार विषय झेरॉक्सच्या नोट्सवर काढू नका. भाषा एकच घ्या, पण नीट घ्या. आठवड्याला एक लहान प्रोग्राम स्वतः लिहा, आणि तो कुठे मोडतो ते स्वतःच शोधा. गिट वापरायची सवय पहिल्या वर्षीच लावा. आज काय बदलले, का बदलले, हे त्यात नोंदले जाते. आमच्या रोजकीर्दीचेच ते रूप आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत घेऊ नका. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते उघडे पडते.

आता यंत्रच कोड लिहून देते, मग शिकायचे कशाला, असे काही मुले विचारतात. आम्ही उलटे विचारतो. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे हे कोण सांगणार? कॅल्क्युलेटर आले तरी ताळा जुळवणारा माणूस लागतोच. यंत्राची मदत जरूर घ्या, पण ज्या ओळीचा अर्थ तुम्हाला सांगता येत नाही, ती ओळ आपली म्हणून पुढे देऊ नका. आणि एकदा मोठ्या कंपनीत चिकटलो की निवृत्तीपर्यंत चिंता नाही, हा भ्रम पालकांनीही सोडावा. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले, त्यात मधल्या आणि वरच्या पदांवरचे लोक जास्त होते. या क्षेत्रात शिकणे थांबले की अनुभवही जुना होतो.

दुसरी गोष्ट कर्जाची. चार वर्षांत दरवर्षी एक लाख घेतले आणि दर दहा टक्के धरला, तर शिक्षण अधिक पुढचे एक वर्ष संपेपर्यंत सरळ व्याजच १ लाख ४० हजार होते. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असा समज करून घेऊ नका. जमेल त्या घराने शिकतानाच व्याज भरत जावे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी केंद्र सरकारची पतहमी योजना २०१५ पासून आहे. तिच्याखाली तारण किंवा त्रयस्थ जामीन मागत नाहीत. घराचा उतारा घेऊन बँकेत येण्याआधी एवढे विचारा.

तिसरी गोष्ट कागदांची. आपल्या मुलांची नावे एका कागदावर आडनावासह, दुसऱ्यावर आद्याक्षरांसह, तिसऱ्यावर कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदललेली असतात. एस.एस.एल.सी.चे गुणपत्रक, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक यांवर नाव अक्षरशः एकच असू द्या. नोकरीच्या पडताळणीत किंवा पासपोर्टला अडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पहिल्या सत्रातच हे उरका.

चौथी गोष्ट भाषेची. मराठी शाळेतून आलेला मुलगा वर्गात प्रश्न विचारत नाही, कारण इंग्रजी चुकेल ही भीती. बाळांनो, विचार मराठीत करा, वहीत मराठीत मांडा, मग इंग्रजीत लिहा. तर्काला भाषेचा अडसर नसतो. एआयसीटीईच्या ई-कुंभ या संकेतस्थळावर मराठीतली तंत्रशिक्षणाची पुस्तके मोफत आहेत, ती वापरा. विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात कन्नड न येणाऱ्यांसाठी ‘बळके कन्नड’ हा विषय आहे. तो रागाने नव्हे, मनापासून शिका. आपल्या भाषेच्या हक्काची बाजू आपण १९५६ पासून मांडत आलो आहोत आणि पुढेही मांडू, पण शेजाऱ्याची भाषा आल्याने ती बाजू दुबळी होत नाही. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ १९९८ साली येथे उभे राहिले, ते विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातले, अभियांत्रिकी शिकले पुण्यात, आणि खडकवासल्याला पाण्याबरोबर आपोआप उघडणारी दारे त्यांनी १९०३ साली बसवली. त्यांच्या विद्येला सीमा आडवी आली नाही.

आणि हक्काची बाजू नुसत्या निवेदनांनी भक्कम होत नाही. आजही काही संगणकांवर ‘दऱ्या’ लिहायला गेले तर ‘दर्या’ होते, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी या तीन लिप्यांत एकाच माणसाचे नाव जुळवणारे सॉफ्टवेअर आपल्या भागाइतके कोणाला हवे आहे? शेवटच्या वर्षाला असा प्रकल्प घ्या. दिल्ली-बंगळूरच्या मुलाला ही अडचण पुस्तकात वाचावी लागेल, तुमच्या घरी ती कपाटात ठेवलेली आहे. मंडळ जुनी कागदपत्रे नमुन्यासाठी द्यायला तयार आहे. नावे आणि तपशील झाकून ती द्यावीत, एवढीच आमची सूचना आहे.

नोकरीसाठी पुण्याला जा, बंगळूरला जा, परदेशी जा, आमची हरकत नाही. जुन्या वाड्यांतून दोनच म्हातारी माणसे उरली आहेत, हे मात्र आम्हाला खात्यांवरचे पत्ते पाहून कळते. निदान तुमचे थोडे काम या गावासाठी, या भाषेसाठी राहू द्या. आणि जिथे असाल तिथे ताळा जुळल्याशिवाय वही मिटू नका.