आचरेकर सर आणि एक काकू

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



क्रिकेटवर मी काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. मला धावा मोजण्यापलीकडे त्यातले काही कळत नाही. मी बोलणार आहे ती शाळेतल्या मुलांना क्रिकेट शिकवणाऱ्या एका सरांविषयी.

रमाकांत आचरेकर सरांचा जन्म १९३२ चा, मालवणचा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, तोवर मालवण आपल्याच जिल्ह्यात होते. म्हणून त्यांना आपले म्हणते, मालवणकरणींनी रागावू नये! सर स्वतः नामांकित खेळाडू झाले नाहीत. वरच्या दर्जाचा एकच सामना खेळले, १९६३ साली, स्टेट बँकेकडून. पण दादरच्या शिवाजी पार्कवर मुले घडवण्यात त्यांनी जन्म घातला. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, अजित आगरकर, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर हे सारे त्यांच्या हाताखालचे. १९८८ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन-विनोदने ६६४ धावांची भागी केली, तेव्हा एक चौदा वर्षांचा होता नि दुसरा सोळा.

सरांची शिकवण्याची रीत साधी होती. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे. जो सचिनला बाद करील त्याचे ते, आणि कोणालाच जमले नाही तर सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. एक सामना संपला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. एकदा सराव बुडवून तो दुसऱ्यांचा सामना बघायला गेला, तर सरांनी थोबाडीत दिली. हे त्यानेच सांगितले आहे. मला ते मारणे पटत नाही. एकोणतीस वर्षांत सरांनी ‘छान खेळलास’ म्हटले नाही, तेही पटत नाही. पोर डोक्यावर चढू नये म्हणून असेल. पण पाठीवरून एकदा हात फिरवला असता तर काय बिघडले असते?

सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री मिळाली. २०१९ च्या २ जानेवारीला ते गेले. २०२४ साली शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक झाले.

पण माझे मन अडकले ते निराळ्याच ठिकाणी. सचिनचे घर वांद्र्याला, शाळा आणि मैदान दादरकडे. सरांच्या सांगण्यावरून शाळा बदलली, तेव्हा तो चार वर्षे शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. २०१३ साली निवृत्तीच्या भाषणात त्याने सांगितले, की मी दमून अर्धवट झोपेत असे आणि काकू मला घास भरवीत. मी हे ऐकले आणि हातातले काम तसेच राहिले. स्कूटर सरांची खरी. पण दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा मैदानावर उभे राही ते त्या घासांवर.

मीही कोणाची तरी काकू आहे. गेल्या वर्षी माझ्या पुतणीची शाळेच्या खो-खोच्या संघात निवड झाली. सराव सुटेपर्यंत दिवेलागण होते, मुलीची जात, एकटी कशी येणार, म्हणून घरच्यांनी पाठवली नाही. ‘नको’ म्हणणाऱ्यांत माझाच आवाज मोठा होता. पोरगी काही बोलली नाही. बूट माळ्यावर ठेवून आली.

परवा मीच ते खाली काढले. पायाला अजून बसतात. येत्या सोमवारपासून ती जाणार आहे, आणि सराव सुटेपर्यंत मी मैदानाच्या कठड्यावर बसणार आहे. आपल्या आळीतल्या आणखी दोन मुलींना असेच घरी बसवले आहे. त्यांच्या आयांनी माझ्यावर सोपवल्या तर तिघींना घेऊन येईन. बुधवारी मला जमत नाही. त्या दिवशी कोण बसेल, तिने चहा होईपर्यंत मला नाव सांगावे.