एका वेळी एकच गोष्ट

(करंजाडे येथे रविवारच्या उपासनेनंतर भरलेल्या पालक सभेतील भाषणाचा मजकूर)

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, आणि आज वाडीवरून मुद्दाम आलेल्या आयांनो,



मागच्या पावसाळ्यात मी माथेरानच्या पायथ्याच्या एका कातकरी वाडीत गेले होते. एक आई म्हणाली, "ताई, या पोराला मारून मारून हात दुखले माझे. दप्तर कुठं टाकतो, चप्पल कुठं सोडतो, त्याला कळतच नाही. शाळेतनं रोज तक्रार. यंदा दिवाळीनंतर त्याला वीटभट्टीवरच नेते." मुलगा आठ वर्षांचा. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तो तीनदा झाडावर चढला आणि उतरला. पण माझ्या पिशवीचा बंद तुटलेला दिसताच त्याने धावत येऊन अशी पक्की गाठ मारून दिली की ती आजही टिकून आहे.

त्या आईला मी उपदेश करू शकले नाही. कारण इथे करंजाड्यात, माझ्याच घरात, मीही तेच केले होते. माझा मुलगा दुसरीत असताना गृहपाठाच्या वहीवरून मी त्याला मारले. ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेली मी, लोकांच्या मुलांसाठी प्रार्थना करणारी मी! पुढे डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की त्याला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ राहत नाही, मनात येईल ते विचार करण्याआधीच होऊन जाते. त्या दिवशी मला एक गोष्ट समजली, आणि तीच आज सांगायची आहे: मूल मुद्दाम करत नाही, त्याला ते अजून जमत नाही.

जगभरच्या अभ्यासांचा अंदाज आहे की साधारण 100 मुलांत 5 मुले अशी असतात. याचा मोठा भाग आनुवंशिक आहे. संस्कार कमी पडले म्हणून हे होत नाही, गोड खाल्ल्याने होत नाही, कोणाची नजर लागूनही होत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. आपणही सारू या.

पण प्रत्येक खोडकर मूल म्हणजे एडीएचडी नव्हे. लक्षणे वयाच्या 12 वर्षांआधी दिसलेली हवीत, किमान 6 महिने टिकलेली हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत, आणि त्यामुळे मुलाचे नुकसान होत असायला हवे. काही मुले, विशेषतः मुली, दंगा करत नाहीत. नुसत्या खिडकीबाहेर पाहत बसतात आणि मागे पडतात. त्यांच्याकडेही लक्ष द्या.

म्हणून आधी तपासणी. कान, डोळे, रक्त, झोप. ज्याला नीट ऐकू येत नाही तोही 'ऐकत नाही'. ज्याच्या अंगात रक्त कमी आहे त्याचेही लक्ष लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. तपासायच्या यादीत एडीएचडीही आहे, आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. अडचण एवढीच की पथक येते तेव्हा आपले मूल भट्टीवर असले तर ते यादीतून सुटते. भट्टीवर जाण्याआधी अंगणवाडी ताईला किंवा गुरुजींना विचारा, पथक कधी येणार?

आता घरी काय करायचे? यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

पहिले, एका वेळी एकच गोष्ट सांगा. "ऊठ, तोंड धू, दप्तर भर, पाणी आण" असे लांबून ओरडले तर त्याच्या हाती शेवटचा शब्दही लागत नाही. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नाव घ्या, एकच काम सांगा, आणि "काय सांगितलं?" म्हणून त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

दुसरे, दिवसाचा क्रम रोज सारखा ठेवा आणि तो दिसू द्या. भिंतीवर कोळशाने चार चित्रे काढा: तांब्या, भाकरी, दप्तर, चप्पल. दाराशी एक खिळा ठोका. दप्तर त्या खिळ्यालाच. जे त्याच्या डोक्यात टिकत नाही ते भिंतीवर टिकेल.

तिसरे, काम बारीक करा. अभ्यास दहा मिनिटे, मग हापशावरून एक कळशी पाणी, मग पुन्हा दहा मिनिटे. पाय हलवत वाचत असेल तर हलवू द्या.

चौथे, चांगले केले की लगेच सांगा, आणि नेमके सांगा. "शहाणा आहेस" याने काही कळत नाही. "आज न सांगता दप्तर खिळ्याला लावलंस" याने कळते. प्रत्येक वेळी डब्यात एक चिंचोका टाका. दहा झाले की बापाबरोबर नदीवर मासे धरायला. संध्याकाळी चूक झाली म्हणून सकाळचे चिंचोके काढून घेऊ नका. कमावलेले त्याचेच.

पाचवे, मारू नका. मार खाल्लेले मूल भीती शिकते, लक्ष देणे शिकत नाही. शाळेत तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. गुरुजींशी भांडू नका, विनंती करा: पुढच्या बाकावर बसवा, वह्या वाटायचे काम द्या.

आणि सहावे, आपली भूक, आपला थकवा ओळखा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले. उपाशी, अर्धवट झोपेतल्या मुलाला शिस्त लावू नका. स्वतः दमलेल्या असाल तर घोटभर पाणी प्या, मग बोला.

औषधाबद्दल लोक विचारतात. 6 वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपाय हाच, पालकांनी वागण्याची पद्धत बदलणे. मोठ्या मुलांना डॉक्टर औषध देतात आणि पुष्कळांना त्याचा चांगला उपयोग होतो. ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आणि प्रार्थना केली म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करू नये. मनावर ताण असह्य झाला तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

शेवटी मंडळीला एक विनंती. उपासनेत एखादे मूल बाकाखाली शिरले तर मागे वळून त्याच्या आईकडे पाहू नका. ती आधीच खाली मान घालून बसलेली असते. त्या मुलाला गीतपुस्तके वाटायला द्या. आणि वाडीवरच्या बाईला मुलासह मोठ्या इस्पितळात जायचे तर तिची रोजंदारी बुडते, केसपेपर कुठे काढायचा ते कळत नाही. महिन्यातून एक दिवस आपल्यापैकी कोणी सोबत गेले तर ती वाट सोपी होईल. ज्यांना जमेल त्यांनी सभेनंतर मला नाव द्यावे.

त्या मुलाचे काय झाले? यंदा दिवाळीनंतर त्याची आई भट्टीवर गेली, पण तो आजीपाशी राहिला आणि शाळेत जातो. तक्रारी अजून येतात, पण रोज नाही. परवा गेले तेव्हा डब्यात सात चिंचोके होते. माझ्या हाताला धरून त्याने मला ते दोनदा मोजून दाखवले.

प्रभू आपणा सर्वांना धीर देवो.