जुन्या गाडीची रुंद चाके

जुनी स्पोर्ट्स कार पदरी बाळगणाऱ्या गृहस्थाची गाडी एकदा नीट चालू लागली, की त्याची दृष्टी हमखास तिच्या चाकांकडे वळते. आजच्या मोटारींच्या भरदार चाकांशेजारी ती चाके त्याला किडकिडीत भासू लागतात. रुंद चाके बसविली तर गाडी रुबाबदार दिसेल आणि वळणावर रस्ता घट्ट धरील, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. ही इच्छा गैर आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ती पुरी करण्यापूर्वी थोडा हिशेब मांडणे इष्ट, आणि तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

उदाहरणादाखल एमजीबी ही गाडी घेऊ. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्यामुळे आजही जगभर तिचे चाहते आढळतात. तिची चाके चौदा इंच व्यासाची. सुरुवातीस त्यांची रुंदी पत्र्याच्या चाकात चार इंच आणि तारांच्या चाकात साडेचार इंच, एवढीच काय ती होती. टायर प्रथम क्रॉसप्लाय जातीचे असत, पुढे रेडियल आले. स्टिअरिंग फिरविण्यास यंत्राचे साहाय्य नाही, मागचा आख कमानपाट्यांवर तोललेला. सगळी रचना त्या अरुंद चाकांना धरून झालेली होती.

आता एक सार्वत्रिक समज तपासून पाहू. रुंद टायर रस्त्याला अधिक क्षेत्रफळाने टेकतो, असे बहुतेकांना वाटते. समजा, एका चाकावर २५० किलो भार आहे आणि टायरातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १.७ किलो आहे. म्हणजे टायर रस्त्याला साधारण १४७ चौरस सेंटिमीटर टेकणार. टायरच्या अंगच्या ताठपणामुळे त्यात थोडा फरक पडेल इतकेच. दाब तोच ठेवून टायर रुंद केला, तर हा ठसा फारसा वाढत नाही. तो आडवा रुंदावतो आणि लांबीला आखूड होतो. लाभ होतो तो या बदललेल्या आकाराचा, नव्या टायरच्या ठेंगण्या भिंतीचा आणि सुधारलेल्या रबराचा. स्टिअरिंग वळविताच गाडी चटकन वळते आणि वळणावर अधिक वेग सहन करते. लाभ खरा आहे, यात शंका नाही.

परंतु त्याची किंमत कोण भरतो? टायरने रस्ता जितका घट्ट धरावा, तितका आडवा जोर चाकामार्गे गाडीत शिरतो. आपल्या बैलगाडीच्या चाकात हा जोर धावेपासून आऱ्यांत, आऱ्यांतून तुंब्यात आणि तुंब्यातून आखात उतरतो. एमजीबीच्या तारांच्या चाकातही वाट तीच आहे. तारा जुन्या आणि सैल असतील, तर अधिक पकड त्यांना अधिक लवकर थकविते. शिवाय रुंद चाक बाहेरच्या बाजूस सरकले, की बेअरिंगवर पडणारी तरफ लांब होते, स्टिअरिंग जड होते आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका हातापर्यंत येतो.

दुसरा प्रश्न जागेचा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. अंथरूण म्हणजे मडगार्डाखालची पोकळी. गाडी घरी उभी असताना टायर आणि पत्रा यांत बोटभर अंतर दिसते आणि मालक निश्चिंत होतो. परंतु दोन माणसे बसली, वळण आले, की कमानपाटे दबतात, मागचा आख किंचित बाजूला सरकतो आणि टायर पत्र्याला घासू लागतो. भर वेगात टायर कापला गेला, तर प्रसंग जिवावर बेतेल. म्हणून मागचा भाग पुरता दाबून आणि पुढची चाके दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत वळवून अंतर मोजावे. त्यावाचून निर्णय करू नये.

तिसरी गोष्ट उंचीची. १६५ मिलिमीटर रुंदीच्या जुन्या रेडियल टायरची भिंत रुंदीच्या ८० टक्के धरली, तर चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. १८५/७० मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६१५, फरक नगण्य. परंतु त्याच चौदा इंची चाकावर १९५/६० चढविला, तर तो ५९० वर येतो. गाडी पंधरा मिलिमीटर खाली बसते, इंजिन अधिक फिरते आणि वेगमापक सुमारे पाच टक्के जादा वेग दाखवितो. आणखी एक: रुंद टायर पाण्याच्या थरावर तुलनेने लवकर तरंगू लागतो. पाऊस इंग्लंडातील असो वा आपल्या घाटातील, हे ध्यानात ठेवावे.

चाके रुंद करूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. पोर्शे कंपनीने १९७२ मध्ये ९११ कॅरेरा आरएस ही गाडी पुढे आणली, तेव्हा मागची चाके सात इंच रुंद केली. पण त्यासाठी मागची मडगार्डेही फुगवून घेतली. एमजीबीला साडेपाच इंची चाक आणि १८५/७० टायर ही माफक पायरी आहे. बेअरिंगे, कमानपाटे, रबरे निकोप असतील आणि जागा मोजून घेतली असेल, तर ती बहुधा पेलते. त्यापुढे जावयाचे, तर बाकीची गाडीही बदलावी लागते. भारतात गाडी असल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ आधी वाचावे. नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास तेथे मनाई आहे.

शेवटी एक विचार. अरुंद टायरवर जुन्या गाडीची मर्यादा कमी वेगातच जाणवू लागते. चाके निसटण्यापूर्वी ती चालकाला हळूहळू सूचना देतात आणि सावरावयास अवधी देतात. या संवादातच त्या गाडीचा पुष्कळसा आनंद साठविलेला आहे. रुंद चाके ती मर्यादा दूर नेतात. पण ती ओलांडली जाईल तेव्हा वेगही अधिक असेल. आपल्याला या दोहोंपैकी काय हवे आहे, हे टायर विकत घेण्यापूर्वीच ठरवावे.