हवेतला 'क्ष' पदार्थ

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी बी.ए., बी.एड.; प्रयोगशाळेतला माणूस नव्हे. पण बीजगणितातला 'क्ष' एकदा चक्क हवेत सापडला होता. त्याची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवतो.

1943 पासून अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरके पसरू लागले. लोकांचे डोळे चुरचुरत, शेतातल्या पालेभाज्यांची पाने रुपेरी पडत. प्रथम कारखान्यांवर बोट ठेवले गेले. पुढे 1952 च्या सुमारास हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, पेट्रोलची वाफ आणि मोटारींच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो. परंतु डोळ्यांच्या चुरचुरीचा उलगडा नुसत्या ओझोनने होईना.

येथे अवरक्त किरण मदतीला आले. 1800 साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्या रंगाच्याही पलीकडे थर्मामीटर ठेवला, तेव्हा तेथे पारा चढला. तेच हे न दिसणारे किरण. रेणूतील अणू जणू स्प्रिंगने जोडलेले असतात व ठराविक गतीने थरथरतात. ज्या किरणाचा या थरथरीशी मेळ बसतो, तेवढाच किरण रेणू शोषून घेतो. त्यामुळे वर्णपटावर प्रत्येक पदार्थाची वेगळी सही उमटते. हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे किरण जवळजवळ शोषतच नाहीत, ही मोठीच सोय म्हणायची. पाण्याची वाफ मात्र फार सतावते. परका पदार्थ अगदी थोडा असेल, तर किरण आरशांवरून पुन्हा पुन्हा परतवून त्याचा हवेतला प्रवास लांबवतात.

फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये स्टीफन्स, हॅन्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच केले. कोणत्याही माहीत असलेल्या पदार्थाशी न जुळणाऱ्या काही रेषा त्यांना दिसल्या. त्यांनी त्याचे नाव सरळ 'कंपाउंड एक्स' ठेवले आणि 1956 साली आपले काम प्रसिद्ध केले. तो पदार्थ म्हणजे पेरॉक्सिअॅसिटिल नायट्रेट, संक्षेपाने 'पॅन'. डोळ्यांना झोंबणारा आणि पाने रुपेरी पाडणाराही हाच!

तो होतो कसा? इंधनाच्या रेणूचा एक हायड्रोजन निघाला की उरलेला तुकडा लगेच ऑक्सिजनचा रेणू धरतो. हाच सेंद्रिय पेरॉक्सी मूलक. तो बहुधा आपला एक ऑक्सिजन अणू नायट्रिक ऑक्साइडला देऊन टाकतो. त्यातून झालेले नायट्रोजन डायऑक्साइड उन्हाने फुटते व ओझोन बनतो. त्यांतला एक विशिष्ट मूलक मात्र नायट्रोजन डायऑक्साइडलाच चिकटतो आणि 'पॅन' होतो. मूलक स्वतः हवेत फार तर काही मिनिटे टिकतो. म्हणून शास्त्रज्ञ बंद पात्रात हवा आणि वाफ घेऊन, दिवे लावून, कोणती सही फिकी होते व कोणती गडद होते हे मिनिटागणिक पाहतात, आणि त्यावरून मधली वाट शोधतात. आता लेझरच्या साहाय्याने काही पेरॉक्सी मूलकांची स्वतःची सहीही टिपता येते.

विद्यार्थी मित्रांनो, 'पॅन'ची आणखी एक खोड ऐका. उकाड्यात तो तासाभरात मोडतो. पण उंचावरच्या थंडीत महिनोन्महिने टिकतो. वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून जातो, उबदार हवेत उतरला की फुटतो, आणि एका शहराच्या मोटारींचे नायट्रोजन डायऑक्साइड दूरच्या, मोटारी नसलेल्या मुलखात सोडतो.