लहू-अंकुशाची गोष्ट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपण भालचंद्राच्या गावात वाढलो. भाद्रपद चतुर्थीला चंद्र बघायचा नाही, म्हणून घरची माणसं आपल्याला अंगणातून आत बोलवायची. आणि आपल्या देवाच्या तर कपाळावरच चंद्र! एकाच चंद्राला शापही आणि मानही. हे कसं, असं लहानपणी मी कुणाला विचारलं नाही. शिक्षिका झाले तेव्हाही विचारायची सवय नव्हतीच.

नोकरीचं पहिलं वर्ष. चौथीच्या चाचणीत मी विचारलं, ‘लव-कुश कोण?’ एका मुलीनं लिहिलं, ‘लहू सीतामाईचा. अंकुश ऋषीनं गवताचा केला.’ मी लाल पेनानं काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘जुळे भाऊ’. नंतर वर्षभर त्या पोरीनं हात वर केला नाही.

पुढे पालकसभेला तिची आजी आली. ‘बाई, पोरगी चुकली का मी?’ म्हणाली, आणि जात्यावर ऐकलेली गोष्ट तिनं सांगितली. सीता बाळाला घेऊन पाण्याला गेली. ऋषीला पाळणा रिकामा दिसला. घाबरून त्यानं कुश गवताचं बाळ केलं. सीता परतली तर कडेवर एक, पाळण्यात एक. तिनं तेही पोटाशी धरलं.

घरी येऊन मी वाल्मीकिरामायणाचं भाषांतर उघडलं. उत्तरकांडात मुलं जुळीच आहेत. पण बाळांच्या रक्षणासाठी ऋषी दर्भ देतात आणि त्यावरूनच त्यांची नावं पडतात. म्हणजे गवत दोन्हीकडे होतंच! चुकले होते ती मी.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तसं कबूल केलं. फळ्यावर तीन रकाने आखले: सारखं काय, वेगळं काय, सांगणारं कोण. एक मुलगा म्हणाला, ‘आजीला पाण्याला जावं लागायचं, म्हणून तिची सीतापण पाण्याला जाते.’ यापेक्षा चांगलं उत्तर मला आजवर कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. त्या दिवशी त्या मुलीनं हात वर केला.

आता सातवीच्या मुलांना मी ग्रीकांची हेलनही सांगते. होमरच्या काव्यात ती ट्रॉयला जाते. युरिपिडीसच्या नाटकात ट्रॉयला जाते ती नुसती तिची छाया, खरी हेलन इजिप्तमध्ये असते. मुलं लगेच म्हणतात, ‘बाई, आपल्या छायासीतेसारखंच!’ अध्यात्मरामायणात रावण नेतो ती मायेची सीता. मग प्रश्न येतो, सांगणाऱ्याला ही छाया का लागली असेल? तास संपतो, पण वाद संपत नाही.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या घरच्या मात्र आपणच लिहून ठेवायला हव्यात. आज घरी गेल्यावर आई-आजीला एक गोष्ट विचारा आणि ती सांगेल तशीच उतरवून घ्या. दुरुस्त करू नका.