खुली प्राथमिक निवडणूक आणि पक्षनिरपेक्ष मतदार



आपल्याकडे पक्षाची उमेदवारी श्रेष्ठींच्या बैठकीत ठरते. अमेरिकेत ती बहुतांशी मतपेटीतून ठरते. नोव्हेंबरातील मुख्य निवडणुकीपूर्वी होणाऱ्या या मतदानाला तेथे ‘प्रायमरी’, म्हणजे प्राथमिक निवडणूक, म्हणतात. ती बहुधा सरकारी यंत्रणेमार्फत व सरकारी खर्चाने होते. काही राज्यांत पक्षाच्या नावे नोंदलेल्या मतदारांनाच तीत मत देता येते. ही बंदिस्त पद्धत. इतर काही राज्यांत ती सर्व मतदारांना मोकळी असते; ही खुली पद्धत.

या सुधारणेचा उगम लोकचळवळीत आहे. विस्कॉन्सिन राज्यात रेल्वे कंपन्या आणि लाकडाचे बडे व्यापारी यांच्या प्रभावाखालील पुढारी पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवीत. गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. १९०३ साली कायदा झाला आणि १९०४ साली जनतेने सार्वमताने त्याला मान्यता दिली.

दक्षिणेत मात्र हीच प्राथमिक निवडणूक वगळणुकीचे हत्यार बनली. पक्ष ही खाजगी संघटना आहे, या सबबीखाली टेक्ससमधील डेमोक्रॅटिक पक्षाने कृष्णवर्णीयांना तिच्यापासून दूर ठेवले. तेथे त्या पक्षाला तुल्यबळ प्रतिस्पर्धीच नसल्यामुळे खरी निवडणूक प्राथमिक फेरीतच उरकत असे. अखेर १९४४ साली ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरविली. जेथे प्राथमिक निवडणूकच प्रतिनिधी ठरवते, तेथे तिच्यातून वगळणे म्हणजे मताधिकारच काढून घेणे होय, हा त्या निर्णयाचा मथितार्थ.

आज वर्णाची अट नाही, पण एकाच पक्षाची हुकमी मतदारसंघे पुष्कळ आहेत. गॅलप संस्थेच्या पाहण्यांत २०२४ साली सुमारे शेकडा ४३ प्रौढांनी स्वतःला पक्षनिरपेक्ष म्हणवून घेतले. त्यांतील बहुतेकांचा कल कोठे तरी असतो. तरीही कोणत्याही पक्षाचा शिक्का त्यांना नको असतो. न्यूयॉर्कच्या बंदिस्त पद्धतीत असा मतदार कर भरतो, पण प्राथमिक फेरीत मत देऊ शकत नाही.

याविरुद्धचा आक्षेप पोकळ नाही. पक्ष हा कार्यक्रमावर आणि कार्यकर्त्यांच्या श्रमावर उभा असतो; ज्याने सभासदत्वाची जबाबदारी घेतली नाही, त्याने उमेदवार का निवडावा? कॅलिफोर्नियात सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर ठेवून प्रत्येक पक्षाचा उमेदवार कोणालाही निवडू देणारी पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००० साली याच कारणास्तव रद्द केली. नंतर २०१० साली तेथील मतदारांनी दुसरी पद्धत स्वीकारली: सर्वांचे एकत्र मतदान आणि पहिल्या दोघांतच अंतिम लढत. तिचा फटका छोट्या पक्षांना बसला. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरून ते जवळजवळ नाहीसे झाले. शिवाय प्रत्येक मतदारापर्यंत दोनदा पोहोचावयाचे, तर धनिकांच्या देणग्यांची गरज वाढणारच. २०२४ साली कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा इत्यादी राज्यांच्या मतदारांनी खुल्या पद्धतीचे प्रस्ताव फेटाळले. तेव्हा दार उघडले की लोकशाही आपोआप आत येते, असे मानण्याचे कारण नाही.

यातून मार्ग विस्कॉन्सिनचाच दिसतो. मतदार त्या दिवशी गुप्तपणे कोणत्याही एका पक्षाची प्राथमिक निवडणूक निवडतो. पक्षांचे अस्तित्व आणि नोव्हेंबरातील स्पर्धा कायम राहते. त्याला निवडणूक खर्चासाठी सार्वजनिक निधीची जोड मात्र हवी; नाही तर जुन्या पुढाऱ्यांची जागा देणगीदार घेतील.

समाजवाद्यांनी येथे एका मोहापासून सावध राहावयास हवे. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्तेझ यांनी जोसेफ क्राउली या मातब्बर नेत्याचा पराभव केला, तो बंदिस्त प्राथमिक निवडणुकीतच. सुमारे ३० हजार मतांत त्या जागेचा निकाल लागला. नोव्हेंबरात शेकडा ७८ मते मिळाली, ती केवळ औपचारिकता होती. निकाल आनंदाचा होता, म्हणून पद्धत न्याय्य ठरत नाही. उद्या त्याच बंद दाराआड तितक्याच मतांनी मक्तेदारांचा उमेदवार निवडून आला, तर त्याला आक्षेप घेण्याचा नैतिक अधिकार ज्यांनी आज दार उघडण्याची मागणी केली त्यांनाच राहील.